मेंदू आणि उपमा

समीक्षकाने दिवाळी अंकात कादंबरीविषयी लिहावे, कवितेविषयी लिहावे, फार तर एखाद्या नाटकाला झोडपावे, असा शिरस्ता आहे. यंदा तो मी मोडणार आहे. ज्या लेखनाचे परीक्षण मला करावयाचे आहे, ते कोणा एका लेखकाचे नाही. त्याला मुखपृष्ठ नाही आणि किंमतही नाही. शाळेच्या पुस्तकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून, व्याख्यानमालांतून आणि डॉक्टरांच्या तोंडून मेंदूविषयी जे मराठी आपल्या कानी पडते, ते हे लेखन होय. त्यातही मेंदूच्या अगदी बाहेरच्या थराला, ज्याला डॉक्टर कॉर्टेक्स म्हणतात त्याला, ज्या उपमा दिल्या जातात त्या मी तपासणार आहे. शरीरशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु तीस-बत्तीस वर्षे पुण्याच्या वर्गांतून उपमा आणि रूपक शिकवीत आलो. तेवढ्या पुंजीवर हे धाडस करतो.

हे खूळ माझ्या डोक्यात कसे शिरले ते आधी सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या दादांना पक्षाघाताचा झटका आला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना जेवणातल्या खड्यासारखी लागे. झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. इस्पितळातील एका तरुण डॉक्टरांनी घाईघाईत आम्हाला समजावले, "डाव्या बाजूचे बोलण्याचे केंद्र गेले आहे." डॉक्टर बिचारे दिवसाला पन्नास रोग्यांना तेच सांगत असतील. पण 'केंद्र' आणि 'गेले' हे दोन शब्द आमच्या घरात येऊन बसले ते बसलेच. केंद्र म्हणजे कचेरी. कचेरीला कुलूप लागले, आतला कारकून निघून गेला, आता तेथे कोणी नाही, असा त्याचा अर्थ आम्ही केला. आणि त्या अर्थाप्रमाणे वागू लागलो.

कसे वागलो ते पुढे सांगेन. आधी उपमांकडे वळू.

पहिली उपमा अक्रोडाची. ती जगभर चालते आणि दिसायला खोटी नाही. पण अक्रोडाच्या सुरकुत्या नुसत्या सुरकुत्या आहेत, मेंदूच्या सुरकुत्यांना कारण आहे. ही साल (कॉर्टेक्स या लॅटिन शब्दाचा अर्थच झाडाची साल असा आहे) जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड, म्हणजे ज्वारीच्या भाकरीएवढी. उलगडून पसरली तर ती सुमारे दोन हजार चौरस सेंटिमीटर भरते. हातभर लांब आणि हातभर रुंद. एवढा रुमाल कवटीत मावावा म्हणून त्याच्या घड्या. त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला असतो. अक्रोड आपल्याला बाहेरचे रूप सांगतो, घडीचे प्रयोजन सांगत नाही. काव्यशास्त्रात अशा उपमेला आपण वरवरची म्हणतो.

दुसरी उपमा टेलिफोनच्या कचेरीची. तिचीच सून म्हणजे हल्लीची संगणकाची. या दोहोंनी अर्धशतकाहून अधिक काळ मराठी वाचकाच्या मनात मेंदूची जी मूर्ती घडवली, ती तारा आणि कळा यांची. तार तुटली की संबंध संपला, कळ बंद की दिवा बंद. आमच्या घरी झाले ते याच मूर्तीच्या कृपेने.

मग खरे रूप कसे आहे? येथे दोन चित्रकारांची नावे घेतली पाहिजेत, जरी जग त्यांना शास्त्रज्ञ म्हणते. 1873 मध्ये इटलीत कामिल्लो गोल्जी यांनी मेंदूचा तुकडा चांदीच्या क्षारात रंगवण्याची एक युक्ती शोधली. तिची गंमत अशी, की शंभरातल्या दोनचारच पेशी रंगतात. त्या मात्र शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्या कुळकुळीत. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसता. दाट रानातली दोनच झाडे कोणी उजळून दाखवावीत, तसे झाले. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1887 पासून हीच रीत हाती घेतली आणि सूक्ष्मदर्शकात दिसेल ते शाईने काढीत राहिले. गोल्जी म्हणत, हे सारे एकसंध जाळे आहे. काहाल म्हणत, नाही. प्रत्येक पेशी वेगळी आहे, ती दुसरीच्या अगदी जवळ येते, पण तिच्यात मिसळून जात नाही. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले, आणि एकाच व्यासपीठावरून दोघांनी परस्परविरोधी भाषणे केली. काळाने कौल काहाल यांच्या बाजूने दिला.

या सालीत एकावर एक असे सहा थर असतात. हे वाचले तेव्हा समोर चिरोट्यांचे ताट होते, आणि मी वहिनींना मोठ्या ऐटीत म्हणालो, "मेंदू म्हणजे चिरोटा." वहिनी म्हणाल्या, "चिरोट्याचे सगळे पदर सारखेच असतात, भाऊजी. तुमच्या पुस्तकात सारखे आहेत का?" समीक्षकाचा असा पराभव स्वयंपाकघरातच व्हायचा. थर सारखे नाहीतच. सर्वांत वरच्या पहिल्या थरात पेशी विरळ आणि धाग्यांची गर्दी. दुसऱ्या-तिसऱ्या थरांतल्या पेशी मुख्यतः सालीच्याच इतर भागांशी बोलतात. चौथ्यात बाहेरची वार्ता येऊन पोचते. डोळ्यांची, कानांची, त्वचेची. पाचव्यातून निरोप दूर जातात. सहावा थर, जेथून वार्ता आली त्या आतल्या भागाला उलट जबाब पाठवतो.

मग वाड्याची उपमा सुचली. सहा मजले, प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाड. पण तीही टिकेना. या सालीतल्या दहांपैकी आठ पेशी शंकूच्या आकाराच्या असतात. पाचव्या थरात बूड असलेली अशी पेशी आपला शेंडा थेट पहिल्या थरापर्यंत नेते आणि वाटेत प्रत्येक थराशी संधान बांधते. हालचालींच्या भागात तर युक्रेनमधल्या कीव्ह शहरी व्लादिमीर बेत्स यांनी 1874 मध्ये वर्णिलेल्या राक्षसी पेशी आहेत. त्यांतल्या काहींचा धागा पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत उतरतो. तळमजल्यावर राहून गच्चीवर वाळवण घालणारे आणि परगावी शेती पाहणारे बिऱ्हाड कोणत्या वाड्यात असते?

उरलेल्या दोन पेशींनी मला सर्वांत अधिक मोहवले. त्यांचे काम एकच: नको म्हणणे. शेजारणीला आवरणे, थोपवणे, ताल सुटू न देणे. त्यांच्या आकारांना शास्त्रज्ञांनी दिलेली नावे पाहा. एक टोपली पेशी. ती दुसरीच्या अंगाभोवती धाग्यांची टोपली विणते. एक दुहेरी पुष्पगुच्छ. एक झुंबर पेशी. तिच्या धाग्यांची टोके झुंबरातल्या मेणबत्त्यांसारखी ओळीने उभी असतात, आणि प्रत्येक मेणबत्ती एखाद्या शंकूपेशीच्या नेमक्या त्या जागी टेकते जेथून तिचा निरोप निघायचा असतो. 2018 मध्ये माणसाच्या मेंदूच्या पहिल्या थरात आणखी एक जात वर्णिली गेली. तिला गुलाबाच्या फळाचे नाव मिळाले. या उपमा मला निर्दोष वाटतात, कारण त्या पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आल्या आहेत. टेलिफोनची उपमा कोणी काही पाहून दिलेली नाही. त्या काळी जे यंत्र नवलाचे होते, ते मेंदूला चिकटवले एवढेच.

या 'नको'चे महत्त्व आपल्या घरांना ठाऊक असते तर बरे झाले असते. हो म्हणणे आणि आवरणे यांचा तोल बिघडला, की पेशींचे जथेच्या जथे एकदम पेटतात आणि माणसाला आकडी येते. आपण मात्र त्याला कांदा नाहीतर चप्पल हुंगवीत आलो.

आणखी एक अन्याय नोंदवतो. मेंदूत या निरोप्या पेशींखेरीज दुसऱ्याही पेशी आहेत. रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांना चिकटवायचा सरेस म्हटले, आणि तेच नाव जगभर रूढ झाले. त्यांतल्या काही रक्तवाहिन्यांपासून पेशींपर्यंत पोषण पोचवतात, काही धाग्यांना वेष्टण घालतात, काही मोडतोड उचलून नेतात. घर चालवणाऱ्या बायकांना 'घरीच असतात' म्हणण्यातला हा प्रकार. त्या इतरांच्या दहापट आहेत असेही वर्षानुवर्षे छापले जाई. 2009 मध्ये नीट मोजदाद झाली तेव्हा अवघ्या मेंदूत दोन्ही जवळपास बरोबरीच्या निघाल्या. निरोप्या पेशी सुमारे 8,600 कोटी, आणि त्यांपैकी या सालीत 1,600 कोटी.

आता आपल्या परिभाषेविषयी. आपली आजी मज्जातंतू म्हणते, बालभारतीचे पुस्तक चेतापेशी म्हणते, वाईचा विश्वकोश तंत्रिका म्हणतो आणि डॉक्टर न्यूरॉन. त्यात मज्जा म्हणजे हाडातलाही मगज. त्यामुळे आमच्या शेजारच्या काकूंनी 'मज्जातंतूंचा विकार' ऐकून दादांसाठी नाचणीचे सत्त्व आणून दिले. 'चेता' हा शब्द मला बरा वाटतो. त्यात चेतवणे आहे, जाग आहे. पण 'प्रमस्तिष्क' हा शब्द ज्याने घडवला, त्याने तो एकदा पक्षाघातातून उठलेल्या माणसाकडून म्हणवून घ्यावा.

केंद्र या शब्दाचे काय? तो सर्वस्वी खोटा नाही. 1909 मध्ये कोर्बिनियान ब्रोडमान यांनी थरांची जाडी आणि पेशींची ठेवण एवढेच पाहून या सालीचा नकाशा काढला आणि भागांना 52 पर्यंत क्रमांक दिले. पुण्याच्या गल्ल्यांतून नुसती घरांची बांधणी पाहत जावे आणि कसबा कोठे संपला, सदाशिव कोठे लागला हे सांगावे, तसे. दृष्टीच्या भागात चौथा थर चांगला जाड. हालचालीच्या भागात तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे पेठा आहेत. परंतु पेठ म्हणजे कुलूपबंद कचेरी नव्हे. तांबट आळीत भांडी घडतात म्हणून पितळ तेथेच जन्मते काय? आळीला आग लागली तर ठोक्यांचा आवाज थांबेल, पण अवघ्या पुण्याला भांडे म्हणजे काय याचा विसर पडणार नाही.

1861 मध्ये पॅरिसचे पॉल ब्रोका यांनी ज्या रोग्यावरून वाचेची जागा दाखवली, तो 'तां' एवढेच बोलू शके. पण त्याच्याशी बोललेले त्याला पुष्कळ समजत असे. त्याचा जतन केलेला मेंदू 2007 मध्ये नव्या यंत्रांनी तपासला, तेव्हा इजा ब्रोकांनी सांगितलेल्या जागेच्या कितीतरी आत आणि पलीकडे पसरलेली आढळली. ज्या केंद्राचा एवढा डांगोरा पिटला, ते पहिल्याच दाखल्यात एका जागी मावलेले नव्हते.

हे सारे मी नंतर वाचले. त्याआधीचे चार महिने आम्ही दादांच्या खाटेशी बसून आमचा वाडा बांधकाम कंत्राटदाराला देण्याच्या गोष्टी केल्या. कोणाला किती चौरस फूट, दादांची खोली कोणाकडे, त्यांचे पुढे कसे करायचे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, की आम्ही म्हणायचो, "मेंदूवर परिणाम झाला आहे, रडू आवरत नाही." असेही होते, हे खरे. पण आम्ही विचारले नाही. केंद्र गेलेल्या माणसाला काय विचारायचे?

पुढच्या गणपतीत आरती सुरू झाली आणि भिंतीशी बसलेले दादा गाऊ लागले. शब्दांसकट. एकाही अक्षराची चूक नाही. वहिनींच्या हातातले तबक हलले. आरती संपली आणि 'पाणी' हा शब्द पुन्हा त्यांना सापडेना. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी समजावले, की असे पुष्कळांचे होते. गाणे आणि पाठ असलेले बोल मेंदूत केवळ त्या एका जागेच्या आधारावर उभे नसतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्यांचे धागे नवी संधाने बांधू शकतात. हळूहळू, कष्टाने, आणि कोणाचे थोडे तर कोणाचे अधिक.

त्या रात्री मी वाड्याचे कागद दादांपुढे ठेवले आणि एकेक कलम सावकाश वाचले. तिसऱ्या कलमाशी त्यांनी डावा हात कागदावर ठेवला. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग म्हणाले, "नको."

उपमा चुकली तर कविता बिघडते, एवढेच मी वर्गात शिकवले होते. यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी असे मुके माणूस असेल, त्यांनी त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नये, त्याच्याशी बोलावे. आणि उत्तराला वेळ द्यावा. आमच्या वाड्याचे कागद अजून कपाटातच आहेत. तिसरे कलम बदलायचे आहे.