व्ह्यू वाढले, प्रेक्षक किती?

काल रात्री झोपण्याआधी पाहिलेल्या मराठी रील्सपैकी एक तरी आज आठवून सांगता येईल का? मला आली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रील लहान असते ही माझी तक्रार नाही. म्हण तर त्याहूनही लहान, पण एकदा ऐकली की आपण ती आपल्या प्रसंगाला वापरतो. अडचण आहे ती मोजणीत. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो. अमुक इतका वेळ पाहायला हवा अशी अट नाही. म्हणजे अंगठा सरकताना डोळ्यांखालून गेलं, तेही 'पाहिलं'. खरोखर किती जण थांबले, हा आकडा व्हिडिओ करणाऱ्याला वेगळा दिसतो. पण लोकांपुढे मिरवतो तो पहिलाच. मग सगळी मेहनत पहिल्या दोन सेकंदांवर खर्च होते.

मीही या मोहातून सुटले नाही. प्रयोगशाळेत जीवाणूंवर काम करते, म्हणून इथल्या थंडीत दही कसं लावायचं यावर शॉर्ट केला. 'ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू, रात्रभर भांडं आत' एवढंच सांगितलं. प्रेक्षक भराभर वाढले. मग कारण सांगणारा दहा मिनिटांचा भाग केला: विरजणातले जीवाणू दुधातल्या लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात, थंडीत ते मंदावतात, आणि पुरेसं आम्ल झालं नाही तर दूध घट्ट होत नाही. तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. पुढच्या शॉर्ट्समधून मी 'का' काढूनच टाकलं.

काही दिवसांनी मंडळातल्या एका मावशींनी विचारलं, "अगं, आमच्या ओव्हनला दिवाच नाही. मग?" उपाय पोचला होता, कारण नाही. कारण कळलं असतं तर त्यांनी भांडं आपणहून हीटरजवळ ठेवलं असतं.

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानांवर रीलमुळे मराठी पडते, हे मान्य. पण पाहून झाल्यावर आपल्याला काही करता, सांगता किंवा विचारता येतं का, ही कसोटी लावायलाच हवी. पुढची रील घरच्या ग्रुपवर ढकलण्याआधी तिच्याविषयी स्वतःचं एक वाक्य लिहून पाहा. सुचलं नाही, तर ती आपण पाहिली नव्हती. ती नुसती सुरू झाली होती.