अडकलेला स्क्रू

रॉबर्ट पिर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. नावातल्या ‘झेन’पाशी थबकून परत फिरलेले वाचक बरेच असतील. पण ज्याला पान्हा धरता येतो त्याने हे पुस्तक वाचावे, आणि ज्याला धरता येत नाही त्याने तर वाचावेच. १९६८ च्या उन्हाळ्यात पिर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे निघाला. सोबत दुसऱ्या मोटरसायकलवर जॉन आणि सिल्व्हिया हे दांपत्य होते. या प्रवासाच्या निमित्ताने ‘गुणवत्ता म्हणजे काय’ या एकाच प्रश्नाचा त्याने पुस्तकभर पाठलाग केला आहे. त्या मीमांसेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते पुस्तकातल्या यंत्राविषयी. आजची मोटारगाडी समोर ठेवून हे पुस्तक वाचले की त्याचा एक पाया डगमगतो.

आरंभीचाच एक प्रसंग घ्या. जॉनच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होऊन घसरते. पिर्सिग सुचवतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून घालू, घट्ट बसेल. जॉनला हा अपमान वाटतो. एवढ्या नामांकित गाडीला डब्याचा पत्रा! या एका प्रसंगातून पिर्सिग माणसांचे दोन स्वभाव उलगडतो. एकाला वस्तूचे बाह्य रूप भावते, दुसऱ्याला ती आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. विवेचन सुरेखच आहे. पण एक गोष्ट लेखकाने गृहीत धरलेली आहे. भांडण दोन माणसांतले आहे, गाडीचा पट्टीला काही विरोध नाही. पट्टी कापली असती तर ती बसली असती.

दुसरा प्रसंग वर्कशॉपचा. इंजिन जाम होते म्हणून पिर्सिग गाडी दुरुस्तीला देतो. तिथली पोरे रेडिओ मोठ्याने लावून, मन दुसरीकडे ठेवून काम करतात आणि गाडीची वाट लावतात. शेवटी मूळ दोष निघतो पंचवीस सेंटच्या एका पिनमध्ये, आणि तो शोधतो स्वतः पिर्सिग. आणि तिसरा, साऱ्या पुस्तकाचे मर्म ज्यात आहे तो अडकलेला स्क्रू. बाजूचे झाकण काढताना एक स्क्रू फिरेना, त्याची खाच झिजली. एरवी कवडीमोलाचा हा स्क्रू आता अख्ख्या मोटरसायकलच्या किमतीचा झाला, कारण तो निघत नाही तोवर गाडी निरुपयोगी. पिर्सिग सांगतो की अशा वेळी चिडू नये, थांबावे, त्या स्क्रूकडे पाहत राहावे, वाट सापडते.

माझा आक्षेप इथे आहे. पिर्सिगच्या जगात स्क्रू अडकतो तो गंजामुळे, उष्णतेमुळे, आपल्या अधीरपणामुळे. तो कोणी मुद्दाम अडकवलेला नसतो. म्हणून सारा दोष तो वापरणाऱ्याच्या मनाकडे देऊ शकतो, आणि यंत्र बनवणाऱ्याला फारसे काही विचारत नाही. स्वतः संगणकाच्या माहितीपुस्तिका लिहून पोट भरणाऱ्या लेखकाने हे विचारायला हवे होते.

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दरवाजे यांना आपापले छोटे संगणक असतात आणि ते तारांनी एकमेकांशी बोलत असतात. बऱ्याच गाड्यांत एखादा भाग बदलला तर तो नुसता बसवून भागत नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची ओळख पटवून द्यावी लागते. चावी हरवली तर नवी कापून चालत नाही, तिचीही नोंदणी लागते. अर्थात यात सगळेच वाईट नाही. चोरी अवघड झाली, धूर कमी झाला, पावसाळ्यातल्या सकाळी चोक ओढत बसण्याचे दिवस गेले. त्या दिवसांसाठी गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण ओळख पटवण्याचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणूनच. पुढे अपिले झाली.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत वाहनांचे भाग ओतले जातात, घासले जातात. तिथे लेथवर काम करणारे माझे कितीतरी माजी विद्यार्थी आहेत. ज्यांचे हात सुताइतकाही फरक चालू देत नाहीत, त्यांना स्वतःच्या गाडीच्या बॉनेटखाली हात घालता येत नाही. माझा नेहमीचा मिस्त्री पूर्वी कोणत्याही दुखण्यावर ‘आगतैत्री, सर’ म्हणून कामाला लागायचा. आता तोच म्हणतो, ‘शोरूमलाच न्या.’ त्याची गुणवत्ता, पिर्सिगच्या अर्थाने, तसूभरही कमी झालेली नाही.

आणि याच गाडीबरोबर दुसरा एक मजकूर आपल्या घरी येतो. तो म्हणजे कंपनीचे ‘गोपनीयता धोरण’. भाषेच्या शिक्षकाने तो एकदा तरी साहित्य म्हणून वाचावा. माहिती गोळा करू शकतो, देऊ शकतो, विकू शकतो: शक्य क्रियापदांची ही रांग. मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये परदेशातल्या २५ मोटार ब्रँडांची धोरणे तपासली. एकही कसोटीला उतरला नाही. १९ ब्रँडांनी माहिती विकू शकतो असे लिहून ठेवले होते. निसानच्या अमेरिकेतल्या धोरणात तर माणसाच्या लैंगिक जीवनाचाही उल्लेख होता. सुबारूच्या धोरणात नुसता शेजारी बसलेला प्रवासीही संमती दिलेला मानला जात होता. म्हणजे पाहुण्याला स्टँडवर सोडायला जावे आणि त्याची सही आपोआप व्हावी!

हे सगळे कागदावरच राहते असेही नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांतून वेग, जोराचे ब्रेक, रात्रीचे फिरणे यांच्या नोंदी माहिती विकणाऱ्या संस्थांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होत्या, हे मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणले. विम्याचा हप्ता एकाएकी का वाढला, याचा उलगडा काही चालकांना तेव्हा झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या व्यवहारावर पाच वर्षांची बंदी मांडली. पिर्सिग आपल्या गाडीचा आवाज ऐकून तिची प्रकृती ओळखायचा. आता गाडी मालकाची रोजनिशी लिहिते, आणि ती मालकाखेरीज इतरांना वाचायला मिळते.

आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या परिशिष्टात आहेत. दुकानाच्या पाटीवर अक्षर कोणते वर आणि कोणते खाली यासाठी आपण आयुष्ये वेचली. गेल्या वर्षी एका शोरूममध्ये मी या दोहोंपैकी कोणत्याही भाषेतला कागद मागितला. विक्रेत्या मुलाने अदबीने टॅब्लेट पुढे केला आणि इंग्रजी पडद्यावर बोट कुठे टेकवायचे तेवढे दाखवले. त्यालाही तो मजकूर वाचायला कोणी सांगितले नव्हते.

पिर्सिग २०१७ मध्ये वारला. त्याचे पुस्तक संपवून लगेच मॅथ्यू क्रॉफर्डचे ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’ (२००९) हाती घ्यावे. क्रॉफर्ड राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, आणि व्हर्जिनियात मोटरसायकल दुरुस्तीचे दुकान चालवलेला. त्याची भाषा पिर्सिगइतकी भारून टाकत नाही, मध्ये मध्ये तो व्याख्यानही देतो. पण पिर्सिगने न विचारलेला प्रश्न तो पहिल्या काही पानांतच विचारतो. मर्सिडीजच्या काही गाड्यांत इंजिनमधले ऑइल पाहायची डिपस्टिकच ठेवलेली नाही, हे तो दाखवून देतो. ऑइल किती आहे ते गाडी सांगेल, मालकाने बघायला जायचे नाही.