यमुनेचं पर्यटन आणि लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

बाबा पदमनजी बेळगावचे, हे आपल्याकडच्या इतिहासप्रेमी मंडळींना तोंडपाठ आहे. जन्म 1831 चा, इथला. शिक्षणाची सुरुवात इथल्या मिशनच्या शाळेत. 1854 साली बाप्तिस्मा, तोही इथेच. आणि 1857 साली त्यांनी लिहिलेलं 'यमुनापर्यटन' मराठीतली पहिली कादंबरी मानतात, हे वाक्य तर आपण सीमाभागातली माणसं जरा जास्तच ठासून म्हणतो. म्हणायलाही हवं. पण ते पुस्तक मुखपृष्ठापासून अखेरच्या पानापर्यंत वाचलेली माणसं आपल्यात किती, हे न विचारलेलं बरं.

पहिली की दुसरी, कादंबरी की नुसतं कथारूप निरूपण, हा वाद विद्वानांनी भरपूर घातला आहे. त्यात मला भर घालायची नाही. त्या वादापायी एक साधा प्रश्न मागे पडला, तो मला विचारायचा आहे. हे पुस्तक कोणाला धीर द्यायला लिहिलं, आणि तो धीर खरोखर पोचतो का?

पुस्तकाचं जोडनाव 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं आहे. लेखक तेव्हा सव्विशीत. बाप्तिस्मा घेऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. पण बायकांचा विषय त्यांना मिशनने दिला असं समजू नये. त्यांचा 'स्त्रीविद्याभ्यासनिबंध' 1852 चा, म्हणजे धर्मांतराच्या आधीचा. ख्रिस्ती झाल्यावर त्या जुन्या कळकळीला एक नवं अंग फुटलं. बाईने शिकावं, एवढ्यावर न थांबता तिने कशावर विश्वास ठेवून जगावं, हेही सांगावंसं वाटू लागलं.

असं सांगणारी पुस्तकं त्या काळी मिशनच्या वर्तुळात लिहिली जात होतीच. बंगालीत हॅना कॅथरिन मुलेन्स यांचं फुलमणी आणि करुणा या दोन ख्रिस्ती बायकांवरचं पुस्तक 1852 चं आहे. फुलमणीचं घर स्वच्छ, मुलं वळणातली. करुणाचं घर म्हणजे नुसता पसारा, मुलं वाया गेलेली, आणि वाचणारीने कोणासारखं व्हायचं ते पहिल्या काही पानांतच ठरलेलं. सांगणारी मडम या घरातून त्या घरात जाते, बघते आणि शिकवते. झाडलोट आणि भक्ती यांची अशी गाठ घातली, की अंगण झाडलं नाही तर श्रद्धेतच खोट निघावी. धीर देण्याचा हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. त्यात कौतुक कमी आणि तपासणी जास्त.

यमुना तशी नाही. पदमनजींचं मोठेपण मला इथेच दिसतं. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली, नवरा विनायक तिच्याच विचारांचा. दोघंही मनाने ख्रिस्ताकडे झुकलेली, पण उघड नाही. दोघं महाराष्ट्रात प्रवासाला निघतात आणि जागोजागी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानावर येतात. कोणाचं केशवपन, कोणाचा घरातल्याच माणसांनी केलेला छळ, कोणाला दिवस गेलेले आणि पुढे तोंड दाखवायला जागा नाही. पुढे विनायक अपघातात जातो. जे आतापर्यंत ऐकलं ते यमुनेच्याच वाट्याला येतं. सासरची माणसं तिचे केस काढायला बघतात. ती त्यातून सुटते, बाप्तिस्मा घेते आणि एका ख्रिस्ती माणसाशी पुन्हा लग्न करते.

म्हणजे बघा, पुस्तकाचा मोठा भाग यमुना ऐकते आहे. मडम घरं तपासत फिरते, यमुना बायकांपाशी बसते. 1857 साली मराठीत पुरुषाने लिहिलेल्या पुस्तकात एका बाईने दुसऱ्या बाईला तिचं दुःख सविस्तर सांगावं, आणि ऐकणारीने मध्येच पूर्वजन्मीचं पाप काढू नये, ही लहान गोष्ट नाही. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, 1856 मध्ये झाला होता. पण कायद्याने लग्नाची मुभा दिली तरी न्हावी बोलावला जात होता घरातच, आणि त्याला बोलावणारे दीर-सासरे हेच होते. हे पदमनजींना कायदा करणाऱ्यांपेक्षा जवळून माहीत होतं. पंढरपूरचा भागही तसाच. ख्रिस्ती लेखकाने विठोबाच्या गावाची मुद्दाम बदनामी केली, असं कोणाला वाटत असेल तर त्याने एवढंच लक्षात घ्यावं, की पुढे 1875 साली प्रार्थना समाजाच्या माणसांना त्याच पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूने. आता दुसरी बाजू.

यमुना ऐकते तेव्हा जिवंत असते, आणि धीर द्यायला लागली की पुस्तक होते. तिची श्रद्धा पहिल्या पानापासून तयार आहे. तिला शंका येत नाही, राग येत नाही, देवाशी भांडावंसं वाटत नाही. लेकरू कडेवर घेऊन तिला प्रवास करावा लागत नाही. आणि सगळ्यांत मोठी सवलत म्हणजे नवरा तिच्याच मताचा आहे. दोघं मिळून गुपचूप प्रार्थना करतात, अडचण काय ती बाहेरच्यांची.

पण त्या काळच्या खऱ्या बायकांपुढचा पेच अगदी उलटा होता. नवरा ख्रिस्ती होतो, बायको होत नाही. मग तिने काय करायचं? माहेरी जायचं? नवरा जिवंत असताना विधवेसारखं राहायचं? हा पेच इतका नेहमीचा होता की सरकारला 1866 साली त्यावर स्वतंत्र कायदा करावा लागला. ख्रिस्ती झालेल्याचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर ठराविक मुदतीनंतर कोर्टातून लग्न मोडून घेता येईल, अशी त्यात सोय. यमुनेच्या पुस्तकात या बाईला जागाच नाही. लेखकाने विनायकाला आधी समजूतदार केलं आणि मग मारलं. कथेची मोठी सोय झाली, वाचणारीची नाही.

ती बाई मराठीत आली ती आणखी पाऊणशे वर्षांनी, स्वतःच्या पायांनी. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' 1934 पासून पुढे चार भागांत निघालं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, असं मला बरेच दिवस वाटत होतं. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला बातमी कळली तेव्हा जे व्हायचं ते झालं. जीव द्यावा इथपर्यंत तिची मजल गेली. मग लहानग्या दत्तूला घेऊन ती नातलगांच्या आधाराने राहिली, आणि राहिली कुठे, तर पंढरपुरात. यमुनेने जिथे विधवा पाहिल्या त्याच गावात ही सवाष्ण आली. कुंकू आहे पण संसार नाही. नवरा आहे, त्याची पत्रं येतात, पण तो वाळीत पडलेला. पदमनजींच्या यादीत न बसणारी बाई ती हीच.

वडील सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, अशा घरातली ही मुलगी. ती शेवटी नवऱ्याकडे गेली, पण आपल्या अटींवर. नगरला गेल्यावर चूल वेगळी, पाणी वेगळं, भांडी वेगळी. टिळकांनी ते चालवून घेतलं. हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचतो. माझ्या मते मराठीत बाईच्या श्रद्धेबद्दल लिहिलेलं सगळ्यांत खरं काही असेल तर ते इथे आहे. देव-धर्माचा वाद इथे आभाळातून चालत नाही. पाणी कोणाच्या हातचं, ताट कुठे मांडायचं, पोराला कोणी शिवायचं, यावरून चालतो. नवऱ्याशी बोलायचं आहे, त्याच्यावर जीव आहे, रागही आहे, आणि तरी त्याच्या पंक्तीला बसायचं नाही. असं किती दिवस रेटायचं, याचं उत्तर कुठल्याही उपदेशाच्या पुस्तकात नव्हतं.

मग राहुरीला एके दिवशी तिचं सोवळं गळून पडतं. कोणी समजावलं म्हणून नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या डोक्याने सोडवला, आणि देवाने केलेल्या जाती दोनच, बाई आणि पुरुष, या उत्तराला आली. मग कोणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आधी स्वयंपाकघर, मग देऊळ. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यमुनेच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे.

लक्ष्मीबाईंच्या या कहाणीचं काही ठिकाणी वेगळंच करून ठेवतात. उपासनेनंतरच्या भाषणांतून आणि बायकांच्या सभांतून 'नवऱ्याच्या मागे श्रद्धेने गेलेली पत्नी' म्हणून त्यांचा दाखला देतात. मागे गेली, हे खरं. पण पाच वर्षं लावून, भांडून, वेगळी चूल मांडून गेली. ती पाच वर्षं गाळून उरलेला दाखला म्हणजे दुसरी फुलमणी. आणि उलट बाजूला आपण, हिंदू घरांतले वाचक. आपण 'स्मृतिचित्रे' वाचतो ते टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी आणि बाईंच्या विनोदासाठी. हसून झालं की पुस्तक मिटलं. बाप्तिस्म्यानंतरची पानं आपण भराभर उलटतो, जणू गोष्ट तिथे संपली. खरं तर दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत परक्यांची पोरकी मुलं घरात आणून त्यांचं जेवणखाण, आजारपण, रुसवेफुगवे सांभाळणारी आई त्या पानांत आहे. दारिद्र्य आहे, नवऱ्याच्या दानशूरपणावरची चिडचिड आहे. रोजची श्रद्धा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? तिचा विनोदही तिथूनच येतो. वळणदार बोलण्याची सवय म्हणून तो येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवायची असते, म्हणून येतो.

भाषेचं एक सांगायला हवं. यमुनेच्या तोंडी पदमनजींनी घातलेली भाषा वाद घालायला समर्थ आहे, पण उदास झालेल्या बाईच्या उपयोगाची नाही. ती शाळेतून आली आहे. लक्ष्मीबाईंना जोडाक्षरं लिहिताना अडायचं, असं त्याच सांगतात, आणि त्यांची वाक्यं ओट्यावर बसून बोलल्यासारखी आहेत. याच दोन टोकांमधली वाट पंडिता रमाबाईंनी धरली. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापायला हात लावला. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं. बाईला धीर द्यायचा तर आधी तिला कळेल असं बोललं पाहिजे, हे रमाबाईंनी एवढ्या कष्टाने करून दाखवलं. यमुनेच्या लेखकाला त्याची निकड तेव्हा वाटलेली दिसत नाही.

तरीही 'यमुनापर्यटन' बाजूला टाकावं असं मी म्हणणार नाही. त्यातल्या विधवांच्या कहाण्या मोठ्याने वाचून बघा. यमुनेची उत्तरं गाळून नुसत्या कहाण्या. त्या आजही अंगावर येतात. पदमनजींना कान होता. उत्तर द्यायची मात्र त्यांना घाई झाली, आणि ते उत्तर दुसऱ्या लग्नावर येऊन थांबलं. विधवेची सुटका म्हणजे तिला पुन्हा नवरा मिळणं, त्यापुढे पुस्तक जात नाही.

लक्ष्मीबाईही विधवा झाल्या. टिळक 1919 च्या मे महिन्यात गेले आणि त्या 1936 च्या फेब्रुवारीत. मधली जवळजवळ सतरा वर्षं त्यांनी वसतिगृहातल्या मुलांची देखभाल केली, मुलाच्या संसारासोबत कराचीपर्यंत गेल्या. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेलं. टिळकांचे सुरुवातीचे थोडे अध्याय वगळले तर ते प्रचंड काव्य बहुतेक सगळं त्यांच्याच हातचं आहे. आणि 'स्मृतिचित्रे' लिहायला घेतलं, तेही याच वर्षांत.