अकरा 'हॅड' आणि एक 'मत'
जॉन व जेम्स यांच्या त्या इंग्रजी कोड्यात सलग ११ वेळा 'हॅड' येते. तुम्ही नुसते स्वल्पविराम घालत बसाल तर थकाल. किल्ली अवतरणचिन्हांत आहे. प्रोग्रॅममधले व्हेरिएबल आणि अवतरणातली स्ट्रिंग यांत जो फरक, तोच इथे: काही 'हॅड' क्रियापदे, काही नुसते उल्लेखलेले शब्द. एवढे कळले की गंमत संपते. असे वाक्य एरवी लिहितो कोण?

वर्गासाठी मला इथल्या विद्यार्थ्यांना पाठ असलेले 'रोको मत जाने दो' सरस वाटते. स्वल्पविराम 'रोको'नंतर दिला तर माणूस अडकतो, 'मत'नंतर दिला तर सुटतो. मराठीत मात्र 'अडवू नका जाऊ द्या' म्हणा; 'नका' मागच्या क्रियापदालाच चिकटतो. थॉमस कँडींच्या 'विरामचिन्हांची परिभाषा'च्या (१८५०) आधीही ते बिनचूक वाचले गेले असते.