यादीतला 'राइट ऑफ' कर्ज माफ करत नाही

'पेट'ची तयारी करताना तुमच्याही मोबाइलवर ती पीडीएफ आली असेल. पैशांविषयीची पन्नासेक फ्रेझल व्हर्ब्ज, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. मीही ती पाठ केली होती. आज तिच्यावर लिहितोय, कारण तिच्यातल्या एका ओळीनं माझं फिल्डवर्क बिघडवलं.

आधी साधी तक्रार. 'शेल आउट', 'फोर्क आउट', 'कफ अप', 'स्प्लॅश आउट' या चौघांपुढे एकच अर्थ दिलाय: खर्च करणे. आता सांगा, आपण असं सपाट बोलतो का? भावाच्या लग्नात पैसे उडवले, दवाखान्यात वीस हजार मोजावे लागले, मंडळाच्या कामात पदरचे घातले. 'मोजावे लागले' म्हटलं की मनाविरुद्ध गेलेला पैसा ऐकणाऱ्याला लगेच कळतो. 'शेल आउट'मध्ये तीच कुरकुर आहे, 'स्प्लॅश आउट'मध्ये उडवण्याची मौज. नेमके शब्द मराठीत हजर होते, यादी करणाऱ्यानं घेतले नाहीत. शिवाय हे चारही बोलण्यातले आहेत, ते कुठेच सांगितलेलं नाही. फेलोशिपच्या खर्चाच्या अहवालात केमिकल्ससाठी 'शेल आउट' लिहून बघा, गाईड आधी हसतील आणि मग कागद परत देतील.

'पे बॅक' आणि 'पे ऑफ' या दोन्हींपुढे 'परतफेड करणे'. इथे आपलं व्याकरणच मदतीला येतं. इंग्रजी जे काम 'ऑफ' लावून करते, ते मराठी दुसरं क्रियापद जोडून करते: फेडणे आणि फेडून टाकणे. हप्ते चालू असताना तुम्ही कर्ज 'पे बॅक' करत असता, शेवटचा हप्ता गेला की ते 'पे ऑफ' होतं. (आणि सर्वनाम आलं तर ते मध्ये बसतं, 'पे इट ऑफ'. परीक्षेत हमखास विचारतात.)

आता ती ओळ. 'राइट ऑफ: कर्ज माफ करणे.'

माझा विषय धानाच्या वाणांचा. शेतकरी वाण का बदलतो हे समजायला कर्जाची माहिती लागते. इंग्रजी प्रश्नावलीत 'राइट ऑफ' होतं, मी बिनधास्त मराठी केलं: 'गेल्या पाच वर्षांत तुमचं कर्ज माफ झालं का?' सालेकसा तालुक्यात एका काकांनी मलाच विचारलं, "बँकवाले म्हन्ते राइट ऑफ केलं. तुमी त्याले माफ म्हन्ता. मंग नोटीस काहून आली जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचलं. 'राइट ऑफ' म्हणजे बँकेनं वसुलीची आशा कमी झालेलं कर्ज स्वतःच्या ताळेबंदातून काढणं. बँकिंगच्या मराठीत त्याला निर्लेखन म्हणतात. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुली चालू राहते. माफीसाठी इंग्रजीत 'वेव्हर' हा वेगळा शब्द आहे. केंद्र सरकारच्या 2008 च्या योजनेच्या इंग्रजी नावातच 'डेट वेव्हर' आणि 'डेट रिलीफ' असे दोन शब्द आहेत: अल्प व अत्यल्पभूधारकांना माफी, बाकीच्यांना ठरावीक रक्कम भरल्यावर सूट. आपल्या राज्याच्या 2017 आणि 2019 च्या योजनांमध्येही पात्र शेतकऱ्याच्या खात्याचे पैसे सरकार भरतं, म्हणून ती माफी. निर्लेखनात शेतकऱ्याच्या बाजूनं कुणीच काही भरत नाही.

म्हणजे त्या काकांनी 'हो' म्हटलं असतं, तर थकबाकीदार माणूस माझ्या तक्त्यात कर्जमुक्त म्हणून बसला असता. आधीच्या एकतीस फॉर्ममध्ये असे किती बसलेत ते कळायला मार्ग नव्हता. तो रकाना मी खोडला, एका प्रश्नाचे दोन केले आणि त्याच गावांत पुन्हा गेलो. तोवर रोवणी लागली होती. लोक चिखलात, मी बांधावर, आणि फॉर्म भरायला कुणाचाच हात कोरडा नाही.