दोन डोळ्यांच्या पलीकडे

शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. कथा गदिमांची, तिचे बीज औंध संस्थानातल्या, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या मुक्त वसाहतीतले. एक जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो, त्यांच्या बेड्या काढतो आणि त्यांच्याच हातांनी भाजीचे मळे फुलवतो. ज्या हातांनी खून केला त्यांना मातीही कळते, हे या चित्रपटाने इतक्या सरळपणे सांगितले की आजही मन भरून येते.

तरीही त्या डोळ्यांपाशी मी अडखळतो. पळून निघालेले कैदी मागे फिरतात ते जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने. तो गेल्यावरही तेच डोळे त्यांना सांभाळतील, असे चित्रपट सुचवतो. मास्तर समोर असेपर्यंत गप्प बसणारा वर्ग शिस्तीचा नव्हे, हे आम्हा शिक्षकांना पुरते ठाऊक असते. शिवाय असा देवमाणूस प्रत्येक तुरुंगाला कोठून मिळणार?

आणखी एक गोष्ट. चित्रपटातले सहाही जण शिक्षा झालेले. आपल्या तुरुंगांतले चित्र निराळे आहे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीतच व्हायचा होता! जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, म्हणून गरीब माणूस आतच राहतो. त्याची दिवाळीही आतच जाते. त्याला सुधारायचे ते काय? त्याला आधी घरी पाठवायला हवे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने ती वाट थोडी रुंद केली आहे. फाशी वा जन्मठेपेचा आरोप नसेल, आरोपी प्रथमच गुन्ह्यात सापडलेला असेल आणि त्याच्यावर दुसरा खटला नसेल, तर कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला बंधपत्रावर सोडावे, असे ते कलम सांगते. त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा तो तुरुंगाच्या अधीक्षकाने.

बापूंचा जेलर बैलांशी झुंजत प्राण देतो. कायद्यातल्या जेलरला एवढे करावे लागत नाही. त्याने तारीख ध्यानात ठेवून अर्ज वेळेवर धाडला, तरी एका घरचा माणूस परत येतो. मला हा दुसरा जेलर अधिक हवासा वाटतो.