पिनबॉल यंत्राची रचना : काठिण्य, न्याय आणि संग्रह

हरण्यासाठीच रचलेला खेळ, अशी पिनबॉलची व्याख्या केली तर ती प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जाणारी व्याख्या हीच आहे. बुद्धिबळात डाव जिंकता येतो, शर्यतीत कोणीतरी पहिला येतो. पिनबॉलमध्ये मात्र प्रत्येक चेंडू अखेर तळाच्या पन्हळीतच नाहीसा होतो. हा शेवट लांबवणे आणि मिळालेल्या अवधीत गुण जोडणे, एवढेच खेळाडूच्या हाती असते. यास्तव अशा यंत्राचे परीक्षण करताना ते खेळाडूला काय देते यापेक्षा ते त्याला कोणत्या रीतीने हरवते, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. यंत्रांचा संग्रह करणाऱ्या रसिकांत काठिण्याविषयी जो वाद सतत चालतो, तोही या दृष्टीने पाहिला म्हणजे केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. जपावयाचे ते नेमके काय, या प्रश्नाशी तो येऊन भिडतो.

या खेळाचे मूळ बॅगाटेलमध्ये आहे. खिळ्यांच्या रांगांतून गोट्या घरंगळत येऊन खोबणींत पडाव्यात, अशी ही फळी भारतीय घरांतील मुलांच्याही परिचयाची होती. १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी या खेळातील सुधारणांचे पेटंट घेतले. गोटी काठीने ढकलण्याऐवजी स्प्रिंगच्या दट्ट्याने वर सोडण्याची योजना त्यात होती. १९३१ साली डेव्हिड गॉटलीब यांचे ‘बॅफल बॉल’ बाजारात आले आणि मंदीने गांजलेल्या अमेरिकेत नाणे टाकून खेळावयाचे हे यंत्र दुकानोदुकानी पोचले. या टप्प्यावर दट्टा सुटला की खेळाडूचे कर्तृत्व जवळजवळ संपत असे. उरे तो यंत्राला धक्का देण्याचा मार्ग. त्याला आळा घालण्यासाठी हॅरी विल्यम्स यांनी त्याच दशकात ‘टिल्ट’ची युक्ती बसवली. यंत्रातील टांगता लंबक प्रमाणाबाहेर हलला की विजेचा संपर्क जुळतो आणि चालू खेळ बंद पडतो. या युक्तीने धक्का देणे निषिद्ध ठरवले नाही, त्याला माप घालून दिले. ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जी लबाडी होती ती त्यामुळे कौशल्याच्या कक्षेत आली.

खरे स्थित्यंतर घडले ते १९४७ साली. गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी बटण दाबताच उसळून चेंडू परतवणारे सहा फ्लिपर बसवले. लगोलग १९४८ मध्ये जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’साठी स्टीव्ह कॉर्डेक यांनी ही संख्या दोनवर आणली आणि ते दोन्ही फलकाच्या तळाशी ठेवले. ही वजाबाकी वस्तुतः मोठी भर होती. साऱ्या फलकावर विखुरलेला धोका तिने एका जागी एकवटला, आणि खेळाडूच्या दोन हातांना दोन फ्लिपर हे सरळ नाते निश्चित केले.

आधुनिक यंत्राचा फलक सुमारे साडेसहा अंशांनी उतरता असतो व त्यावरून सुमारे ८० ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू धावतो. तो गमावण्याच्या वाटा मुख्यत्वे दोन. पहिली, दोन फ्लिपरांमधील फट. दुसरी, दोन्ही कडांना असलेल्या बाहेरच्या मार्गिका. मधल्या फटीतून गेलेला चेंडू बहुधा आधीच्या एखाद्या उतावीळ फटक्याचे फळ असतो. कडेने जाणारा चेंडू मात्र फ्लिपरच्या आवाक्याबाहेरचा. त्याला वाचवावयाचे तर नेमक्या क्षणी, टिल्टची मर्यादा न ओलांडता, यंत्राला हलका धक्का द्यावा लागतो. रचनाकाराची कसोटी येथेच लागते. लक्ष्य असे मांडावे की नेम साधला तर चेंडू ताब्यात राहील अशा मार्गाने परतावा आणि किंचित हुकला तर धोक्याकडे उसळावा. अशा यंत्रापुढे हरलेला खेळाडू दोष स्वतःच्या हाताला देतो. कोणतेही कारण न देता चेंडू गिळणारे यंत्र कठीण नव्हे, अन्यायी म्हणावे लागते. काठिण्य आणि अन्याय यांतील हा भेद हीच पिनबॉलच्या समीक्षेची पहिली पायरी होय.

ही न्यायबुद्धी निव्वळ कलादृष्टीतून उपजली, असे मानणे मात्र भोळेपणाचे ठरेल. यंत्र दुकानात ठेवणाऱ्या व्यावसायिकाला खेळ लवकर संपावयास हवा असतो. खेळाडूला तो लांबावयास हवा असतो. खेळ फार लांबला तर गल्ला रिकामा राहतो, फार लवकर संपला तर गिऱ्हाईक फिरकत नाही. या दोन स्वार्थांच्या ओढाताणीतून काठिण्याचे माप ठरत गेले. १९८६ साली स्टीव्ह रिची यांनी रचलेल्या ‘हाय स्पीड’ या यंत्राने तर फुकट खेळासाठी लागणारी गुणसंख्या खेळाडूंच्या कामगिरीनुसार आपोआप वरखाली करण्याची सोय आणली. ओढाताणीचा तराजू यंत्राने जणू स्वतःच्या हाती घेतला.

नशीब आणि कौशल्य यांचा हा प्रश्न कायद्यापुढेही उभा राहिला. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी पिनबॉल हा जुगार ठरवून यंत्रे जप्त करविली आणि घणांनी फोडविली. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या सदस्यांसमोर दट्टा सोडण्यापूर्वीच चेंडू कोणत्या मार्गिकेतून उतरेल ते सांगितले, आणि तो तसाच उतरला. त्या यशात नशिबाचाही वाटा होता, हे पुढे शार्प यांनीच मोकळेपणाने मान्य केले. या प्रसंगातील उपरोध बोधप्रद आहे. कौशल्याच्या बाजूने दिलेला सर्वांत प्रसिद्ध पुरावाही दैवाच्या साहाय्यावाचून उभा राहू शकला नाही. पिनबॉलमधून दैव वजा करता येत नाही. त्याला केवळ शिस्त लावता येते.

ही शिस्त कशी लावावी याचा उत्तम नमुना म्हणजे पॅट लॉलर यांनी रचलेले १९९२ सालचे ‘द ॲडम्स फॅमिली’. २०,०००हून अधिक प्रती खपलेल्या या यंत्रात फलकाखाली लोहचुंबक बसवलेले आहेत. ते जागृत झाले म्हणजे वरून धावणारा चेंडू वेडावाकडा खेचला जातो. तत्त्वतः हा उघड अन्याय होय. परंतु चुंबकांच्या जागा फलकावर चक्राकार चित्रांनी दाखवलेल्या आहेत, आणि ते जागृत होतात ते ठराविक प्रसंगीच. हे प्रसंग पुष्कळदा खेळाडूने स्वतः नेम साधून ओढवून घेतलेले असतात. जो धोका आधी दाखवला गेला आणि ज्याला खेळाडूने आपण होऊन आमंत्रण दिले, त्याने हरवले तरी तक्रारीला जागा राहत नाही. उलट, याच यंत्रात काही वेळा यंत्र स्वतः फ्लिपर उडवते आणि नेम चुकला तर पुढच्या खेपेसाठी आपला अंदाज सुधारते. प्रतिपक्ष क्षणभर साथीदार होतो. यंत्राच्या लोकप्रियतेचे श्रेय चित्रपटाच्या नावाला देऊन मोकळे होणाऱ्यांच्या नजरेतून हा समतोल निसटतो.

१९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉलची निर्मिती थांबवली. दुकानांतून आणि उपाहारगृहांतून यंत्रे हळूहळू खाजगी घरांत गेली, आणि त्यांबरोबर काठिण्याचा आधारच बदलला. घरात नाणे टाकावे लागत नाही; व्यावसायिक हा तिसरा पक्ष उरत नाही. उतार किती ठेवावा, कडेच्या मार्गिकांचे रबरी खुंट कोठे बसवावेत, टिल्ट किती हळवा असावा, चेंडू तीन द्यावेत की पाच, हे सारे मालकाच्या मर्जीवर येते. कोणी यंत्राचा शेवटचा टप्पा पाहता यावा म्हणून मार्गिका अरुंद करतो; कोणी रोजच्या सरावाने खेळ सोपा झाला म्हणून त्या रुंद करतो. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. तथापि स्वतःच लिहिलेल्या कायद्यापुढे स्वतःच आरोपी होऊन उभे राहण्यात पूर्वीचा ताण उरत नाही, हे नाकारता येणार नाही.

याहून गंभीर प्रश्न न खेळल्या जाणाऱ्या यंत्राचा आहे. पोलादी चेंडू फलकाचा रंग झिजवतो, रबर फाटते, संपर्क जळतात. म्हणून यंत्र पुसूनपासून, बंद करून ठेवणाऱ्या संग्राहकाचा युक्तिवाद पोकळ नाही. खेळले तर यंत्र झिजते. परंतु न खेळले तर शिल्लक राहते ते रंगीत काचेचे एक कपाट. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिनबॉल, १९७३’ या कादंबरीतील निवेदक आपल्या आवडत्या यंत्राचा शोध घेत एका संग्राहकाच्या थंडगार गोदामात पोचतो. यंत्र सापडते, त्याच्याशी त्याचा संवादही होतो. खेळ मात्र होत नाही. त्या भेटीतील विषण्णता न टाकलेल्या नाण्यातून येते.

कॅलिफोर्नियातील अलमीडा येथील पॅसिफिक पिनबॉल म्युझियममध्ये प्रवेशमूल्य भरल्यावर हवे तितके खेळता येते. लास व्हेगास येथील पिनबॉल हॉल ऑफ फेमने नाणी टाकून खेळण्याची पद्धत राखली. दोन्ही ठिकाणी यंत्रे चालती ठेवली गेली, हे त्यांचे समान श्रेय. पण दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक चेंडूला किंमत आहे, आणि किंमत असल्यावाचून पराभवाला वजन येत नाही. रंग पुन्हा देता येतो, रबर बदलता येते, फलकही नवा घडवता येतो. परंतु रचनाकाराने हिशेबपूर्वक ठरवलेले हरण्याचे माप एकदा पुसले गेले की ते कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळत नाही. यास्तव संग्रहाचे मूल्यमापन यंत्रांच्या संख्येने वा झळाळीने न करता, त्यांच्यापुढे उभा राहिलेला परका खेळाडू आजही न्याय्य रीतीने हरू शकतो काय, या एकाच कसोटीने करणे युक्त होय.